एरंडाचं बळ

एरंडाला आपल्या भाषेनं कधी फारसा मान दिला नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण आपण सगळेच वापरतो. दुसरं झाडच नसेल तिथं एरंडानं मिरवावं, एवढीच त्याची लायकी. चर्चा लांबत गेली आणि हाती काहीच लागलं नाही, तर ते 'एरंडाचं गुऱ्हाळ'. आणि एखाद्याचा चेहरा वाकडा झाला, तर तो एरंडेल प्यायल्यासारखा. एका झाडाची इतकी थट्टा क्वचितच कुणी केली असेल. आज मात्र मला याच एरंडाची बाजू मांडायची आहे, आणि तीही अशा ठिकाणी, जिथं त्याचं नाव निघेल असं कुणाला वाटणार नाही. ते ठिकाण म्हणजे विमानाचं इंजिन. आधी थोडं मोठ्या विमानांचं, आणि मग मुठीत मावणाऱ्या इंजिनांवर उडणाऱ्या छोट्या विमानांचं.

एरंडेल आपल्या घरातलं तेल. वैद्यांनी ते पोट साफ करायला दिलं, सांधे दुखले की चोळायला सांगितलं. हकीमसाहेबांच्या कपाटात तेच तेल 'रोगन-ए-बेदअंजीर' या भारदस्त नावानं बसलेलं असे. नाव बदललं तरी पिणाऱ्याचं तोंड तसंच वाकडं होई. पण औषध ही त्याची एक बाजू. एरंडेलाचा दिवा सावकाश जळतो, म्हणून ते दिव्यात गेलं. ते दाट असतं, लोखंडाला चिकटून राहतं, म्हणून चाकाच्या आसाला लागलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आगगाडी आली, तेव्हा डब्यातल्या दिव्यांना आणि आसांच्या वंगणालाही एरंडेल वापरलं जाऊ लागलं. म्हणजे यंत्राशी त्याची ओळख विमानाच्या आधीपासूनची.

आता १९०८ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ. लुई आणि लोरां सेगँ या दोन भावांनी 'नोम' नावाचं एक विलक्षण इंजिन तयार केलं. आपल्या ओळखीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि आतला दांडा फिरतो. या भावांनी उलटं केलं. दांडा विमानाला घट्ट बसवला, आणि सात सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरवले. फिरता फिरता त्यांना वारा लागे आणि ते थंड राहत. पाण्याची टाकी नको, नळ्या नकोत, म्हणून इंजिन हलकं. पन्नास अश्वशक्तीचं हे इंजिन त्या काळात नवल होतं. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रँस इथल्या विमानमेळ्यात हेन्री फार्मन यांनी याच इंजिनावर १८० किलोमीटर अंतर कापलं आणि बक्षीस मिळवलं.

पण या इंजिनात एक अडचण होती. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच सिलिंडरकडे जाई. आणि पेट्रोलचा गुण काय? ते तेलकटपणा धुऊन काढतं. कपड्यावर ग्रीसचा डाग पडला की आपण पेट्रोलचा बोळा फिरवतो, तसंच. जमिनीतून काढलेलं खनिज तेल वंगण म्हणून घातलं, तर पेट्रोल ते विरघळवून घेऊन जाई आणि लोखंडावर लोखंड घासत राही. इथं एरंडेल उपयोगी पडलं. ते पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही. पेट्रोल शेजारून गेलं तरी ते धातूला धरून राहतं. या न मिसळण्याच्या गुणामुळेच त्याची निवड झाली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफिल्ड नावाचे तेलाचे व्यापारी होते. १८९९ साली त्यांनी कंपनी काढली. मोटारी आणि विमानांसाठी त्यांनी वंगणात एरंडेल मिसळलं आणि १९०९ मध्ये ते 'कॅस्ट्रॉल' या नावानं बाजारात आणलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात. त्या 'कॅस्टर'वरून कॅस्ट्रॉल. आज आपल्या गॅरेजांच्या पाट्यांवर हे नाव दिसतं, पण त्यात आपला एरंड लपलेला आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? हेच वेकफिल्ड पुढे लॉर्ड झाले. छोट्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांनी दिलेला वेकफिल्ड करंडक १९२८ पासून प्रसिद्ध आहे. गंमत अशी, की तो करंडक रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांसाठी आहे. तेलाच्या धन्यानं बक्षीस दिलं ते इंजिन नसलेल्या विमानाला!

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि एरंडेल ही युद्धसामग्री झाली. ब्रिटिशांचं सॉपविथ कॅमल, फ्रेंचांची न्यूपोर विमानं, जर्मनांचं तीन पंखांचं फॉकर, या सगळ्यांत फिरतं इंजिन होतं आणि या सगळ्यांना एरंडेल लागे. या इंजिनात वंगण पुन्हा टाकीत परतत नसे. काम झालं की धुराबरोबर बाहेर. एका उड्डाणात कित्येक लिटर तेल हवेत उडून जाई. त्यातलं पुष्कळसं वैमानिकाच्या चष्म्यावर, गालांवर आणि नाकातोंडात. त्याचा त्यांच्या पोटावर व्हायचा तो परिणाम होई, असे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. आपल्या आज्या ज्यासाठी नातवंडांचं नाक दाबून धरत, ते काम तिथं वाऱ्यानं केलं.

किस्सा हसण्यासारखा, पण मागची परिस्थिती गंभीर होती. त्या काळात जगाला एरंडीचं बी पुरवणारा मुख्य देश म्हणजे हिंदुस्थान. कोरडवाहू जमिनीत, शेताच्या बांधावर उगवलेलं हे बी मुंबईसारख्या बंदरांतून जहाजानं बाहेर जाई. ब्रिटिश आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली, तेव्हा जर्मनांना एरंडेल मिळेनासं झालं. त्यांनी 'व्होल्टॉल' नावाचं पर्यायी तेल वापरून पाहिलं. १९१८ च्या उन्हाळ्यात त्या तेलावर चालणारी फिरती इंजिनं तापून बंद पडू लागली. विमान उत्तम, वैमानिक निष्णात, आणि तेलापायी सगळं जमिनीवर. अमेरिकेनं युद्धात उतरल्यावर आशियातून बी मागवून एक लाख एकरांहून जास्त जमिनीत एरंड लावण्याची योजना आखली. आपल्याकडे कुंपणाला लावायचं झाड, आणि तिकडे त्याच्या पेऱ्यासाठी सरकारी खटपट.

युद्ध संपलं आणि फिरत्या इंजिनांचा काळही संपला. नव्या इंजिनांत पेट्रोलची वाट वेगळी आणि वंगणाची वेगळी. खनिज तेल पुरेसं झालं, शिवाय स्वस्त. एरंडेलाचं आकाशातलं काम संपलं, असं कुणालाही वाटलं असतं. त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं ते छोट्या विमानांत.

इंजिनावर उडणारं छोटं विमान बनवण्याची धडपड जुनी आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड स्टँगर यांचं पेट्रोलवर चालणारं छोटं विमान ५१ सेकंद उडालं आणि हा विक्रम १९३२ पर्यंत कुणी मोडला नाही. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणानं साधारण दहा घनसेंटिमीटरचं, म्हणजे औषधाच्या दोन चमचांएवढ्या मापाचं इंजिन बनवलं. त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट यानं १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या इंजिनावर अशी बाजी मारली, की रबराच्या पिळावर विमान उडवणारे बघत राहिले. पुढच्या वर्षी इंजिनवाल्यांचा गटच वेगळा करावा लागला.

या इंजिनांना वंगण कसं द्यायचं? तुमच्यापैकी ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली असेल, त्यांना हे सांगायला नको. पंपावर पेट्रोल भरलं की वरून ऑइल घ्यायचं, दोन्ही एकाच टाकीत. छोट्या विमानाचं इंजिनही बहुतेक टू-स्ट्रोकच. तेलाची वेगळी टाकी नाही, पंप नाही. जे वंगण ते इंधनातच मिसळून द्यायचं. पण स्कूटरला शंभर भागांत दोन-चार भाग तेल पुरे. विमानाच्या चिमुकल्या इंजिनाला वीस-पंचवीस भाग लागतं. कारण ते मिनिटाला दहा हजार, पंधरा हजार फेरे घेतं, आणि आतली उष्णता वाहून नेण्याचं कामही बऱ्याच अंशी तेलालाच करावं लागतं. ब्राउनच्या काळात तीन भाग पेट्रोल आणि एक भाग मोटारीचं दाट खनिज तेल असं मिश्रण चाले. एरंडेल तिथं नव्हतं, कारण पेट्रोलमध्ये ते नीट मिसळत नाही आणि इथं तर मिसळणंच हवं होतं.

या इंजिनांचं दुखणं वेगळं होतं. ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल, कंडेन्सर असा संसार विमानाला पाठीवर घ्यावा लागे. इंजिनापेक्षा बिऱ्हाड जड. त्यातून सुटकेच्या दोन वाटा निघाल्या, आणि नवल म्हणजे दोन्ही वाटांवर एरंडेल भेटलं.

पहिली वाट युरोपची. स्वित्झर्लंडमध्ये १९४० च्या सुमारास आणि महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये, ठिणगीशिवाय, नुसत्या दाबानं पेट घेणारी छोटी इंजिनं आली. १९४६ सालचं ब्रिटिश 'मिल्स' त्यांपैकी नावाजलेलं. त्यांना डिझेल म्हणत, पण त्यांत पंपावरचं डिझेल चालत नसे. इंधन असे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण तिन्ही सारखे भाग. ईथर थोड्या उष्णतेतही पेट घेतं, म्हणून ते काडीचं काम करतं. रॉकेल ताकद देतं. एरंडेल वंगण. रॉकेल आणि एरंडेल एकमेकांत मिसळायला कुरकुरतात, पण ईथर मध्यस्थी करतं आणि दोघांना एकत्र नांदवतं.

दुसरी वाट अमेरिकेची. १९४७ साली रे आर्डेन यांनी 'ग्लो प्लग' बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमच्या तारेचं एक बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टची बॅटरी लावून ते लाल करायचं, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की ते आपोआप धगधगत राहतं. बॅटरी, कॉइल, कंडेन्सर सगळं जमिनीवर राहिलं आणि विमान हलकं झालं. पण यासाठी पेट्रोल सोडून मेथॅनॉल घ्यावं लागलं. मेथॅनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्मीही ऊर्जा नसते. तरीही ते चालतं, कारण तेवढ्याच हवेबरोबर ते दुपटीहून जास्त जाळता येतं, आणि त्याची वाफ होताना इंजिन गार राहतं. अडचण एकच, खनिज तेल मेथॅनॉलमध्ये विरघळत नाही. दोन्ही एका बाटलीत घातली तर तेल वेगळं, इंधन वेगळं. मग विरघळतं काय? एरंडेल.

इथं मला या सगळ्या कथेचं मर्म दिसतं. १९०९ मध्ये एरंडेल निवडलं गेलं ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून. १९४७ नंतर तेच निवडलं गेलं ते मेथॅनॉलमध्ये विरघळतं म्हणून. दोन्ही गुणांचं मूळ एकच. एरंडेलात रिसिनोलिक आम्ल मोठ्या प्रमाणात असतं, शंभरात पंच्याऐंशी भागांहून जास्त. त्याच्या रेणूला एक जादा टोक असतं. ते टोक अल्कोहोलशी सलगी करतं, पेट्रोलपासून अंतर राखतं आणि धातूला चिकटून बसतं. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ते नसतं. माणसांतही असे असतात. एका बैठकीत गप्प राहतात आणि दुसऱ्या बैठकीत मैफल रंगवतात. माणूस तोच असतो, बैठक वेगळी.

मग वंगणाचा वाद का झाला? कारण एरंडेल स्वच्छ तेल नाही. जळताना ते राळेसारखा पिवळट-तपकिरी थर मागे ठेवतं. पिस्टनवर काजळी, विमानाच्या पंखांवर चिकट राप, आणि इंजिन बरेच दिवस पडून राहिलं तर आत सगळं गच्च. पुढे रसायनशास्त्रानं कृत्रिम तेलं दिली. ती पातळ, स्वच्छ, मेथॅनॉलमध्ये सहज मिसळणारी. इंजिन आरशासारखं राहतं. अनेकांना वाटलं, एरंडेलाचा निरोप घ्यायला हरकत नाही.

पण खरी परीक्षा इंजिन सुरळीत चालू असताना होत नाही. आकाशात विमान आहे, सुई थोडी जास्त आवळली गेली आहे, किंवा नळीत कचरा अडकला आहे. इंजिनाला इंधन कमी आणि हवा जास्त मिळते. ते तापू लागतं. आता लक्षात घ्या, तेल इंधनातच आहे. इंधन कमी झालं म्हणजे तेलही कमी झालं. उष्णता वाढली आणि नेमकं त्याच वेळी वंगण घटलं. या क्षणाला बरीच कृत्रिम तेलं जळून जातात आणि धातू उघडा पडतो. एरंडेल मात्र तापलं की आणखी दाट होतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि धातूवर थर धरून राहतो. जो राळेचा थर एरवी दोष म्हणून मोजला जातो, तोच त्या घटकेला पिस्टन वाचवतो. उडवणारा खाली हतबल उभा असतो, इंजिन आणि पिस्टन यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो.

म्हणून जाणते लोक मधला मार्ग काढतात. जुन्या धाटणीच्या, लोखंडी पिस्टनच्या इंजिनांना एरंडेलच द्यायचं, वीस ते पंचवीस भाग. १९५६ पासून प्रसिद्ध असलेल्या कॉक्सच्या पाव चमच्याहूनही लहान मापाच्या इंजिनाला तर ते जवळपास अनिवार्य. पितळी-क्रोमच्या नव्या इंजिनांना कृत्रिम तेल चालतं, पण त्यातही दोन-चार भाग एरंडेल मिसळलेलं बरं. एरंडेल घेताना ते डिंक काढलेलं, स्वच्छ असावं. दिव्याचं किंवा चाकाचं तेल इथं चालत नाही.

इंधनात नायट्रोमिथेन घालण्याचीही एक हौस आहे. त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून इंजिन सहज सुरू होतं आणि जोरही वाढतो. पण ते महाग, शिवाय स्फोटकांच्या कामी येणारं. युरोपीय संघानं २०२१ पासून सामान्य ग्राहकांसाठी त्यावर कडक मर्यादा घातल्या आहेत. तारेला बांधून वेगाची स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम वेगळाच शहाणपणाचा आहे: सर्वांना सारखंच इंधन, ऐंशी भाग मेथॅनॉल आणि वीस भाग वंगण. म्हणजे पैशानं विकत घेतलेल्या ज्वाळेपेक्षा हाताचं कसब मोठं ठरावं. एक सावधगिरी मात्र सांगतो. मेथॅनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ईथरही तसंच भडक. हा मुलांनी एकट्यानं करायचा खेळ नव्हे.

आपल्याकडेही हा छंद रुजला. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, आणि ब्रिटिश मिल्सच्या धर्तीवरची छोटी डिझेल इंजिनं भारतातही बनली. परदेशी इंजिनाला परकीय चलन लागे, पण त्याच्या इंधनातले दोन घटक तरी आपल्या घराघरांत होते: रॉकेलचा डबा आणि एरंडेलाची बाटली.

आज बहुतेक हौशी लोक विजेच्या मोटारीवर विमान उडवतात. बॅटरी हलकी झाली, मोटार जोरकस झाली. तेल नाही, धूर नाही, गोंगाट नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण ज्यांनी एकदा एरंडेल जळतानाचा तो गोडसर वास घेतला आहे, ते तो विसरत नाहीत.

एरंडाचं काम मात्र थांबलेलं नाही. आज जगाच्या बाजारात जाणाऱ्या एरंडेलाचा सर्वांत मोठा वाटा भारताचा, आणि त्यातला बहुतांश गुजरातच्या शेतांतून निघतो. त्यापासून एका जातीचं नायलॉन बनतं. आपल्या मोटारीच्या चाकांत बेअरिंगला जे लिथियम ग्रीस भरतात, त्याच्या मुळाशीही बहुधा एरंडेलच असतं. विमानांच्या इतिहासात वैमानिकांची नावं आहेत, इंजिनं घडवणाऱ्यांची आहेत, वेकफिल्डसाहेबांचंही आहे. कोरड्या रानात बी वेचणारी बाई आणि घाण्याला बैल जुंपणारा तेली, यांचं नाव त्यात कुठं नाही. त्यांच्या हातचं तेल मात्र त्या आकाशात गेलं होतं. तेव्हा मित्रहो, यापुढे कुणी 'एरंडाचं गुऱ्हाळ' म्हणालं, तर त्याला एवढंच सांगा, की एरंडातून रस निघत नसेल, पण तेल निघतं, आणि एक काळ असा होता की त्या तेलावाचून विमानं उडत नव्हती.